गोसाव्याची चाल

एकोडीत कोणी मेलं की दोन ठिकाणी सांगावा जायचा. एक लाकडं फोडणाऱ्याकडे आणि दुसरा जागेश्वरकडे. लाकडांना उशीर झाला तर लोक तंबाखू चोळत बसत, पण जागेश्वर आल्याशिवाय तिरडीला हात कोणी लावत नसे. गळ्यात पट्ट्यानं पेटी अडकवून तो पुढे, त्याच्या उजव्या अंगाला खंजेरी घेऊन सोमाजी, मागे टाळकरी आणि मग तिरडी. गरीब असो, पाटील असो, गाणं सगळ्यांना एकच.

रोवणा सरला बापा, पाय धुऊन घे
मालकाच्या दारी आता दिवा लागला

शब्द जागेश्वरच्या बापाचे, श्रावणजीचे. गावात अक्षरओळख असलेली माणसं बोटावर मोजण्यासारखी होती त्या काळी त्यानं हे भजन बांधलं. भर चिखलात दिवसभर कंबर वाकवून धान रोवणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाय धुताना जे वाटतं, तेच मरणाबद्दल सांगितलं, आणि ते सगळ्यांना समजलं. भंडाऱ्याहून, साकोलीहून आलेले शिकलेले पाहुणेसुद्धा ते ऐकून रुमाल शोधत.

जागेश्वर गायला चांगला होता यात वाद नाही. पण स्वभावानं असा की विचारू नका. राग कायम नाकावर, आणि त्यात सगळ्यात मोठा राग नव्या गाण्यांवर. लग्नात डीजे लागला की हा अक्षता टाकायच्या आधी घरी. "ते गानं नाई, राइस मिलचं इंजिन आहे," म्हणायचा. "जुन्या गान्यात मानूस दिसते. यात नुसता ठोका. कोन मेलं, कोन जन्मलं, काई समजत नाई." बायको चंद्रभागाबाई कधीतरी टोचायची, "तुमच्या बापाले तरी तुमची पिढी कुठी पसंत होती जी?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "माझ्या बापाच्या पेटीवर पिच्चरचा एक सूर वाजला नाई. अन् वाजनार नाई."

हे खरंच होतं. श्रावणजीचा तो कायदाच होता. बाकीच्या गावांतली भजनमंडळं सिनेमाच्या चालींवर देवाचे शब्द बसवून मोकळी होत. श्रावणजीला ते चालत नसे. देवाला उष्टं वाढायचं नाही, असं तो म्हणे.

आता भांडणाचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

सोमाजीची नात हर्षा. साकोलीच्या कॉलेजात शिकायची, गळा बापजन्मात ऐकला नसेल असा. तीन वर्षांखाली हनुमान जयंतीला देवळासमोर मंडप पडला होता, सारा गाव बसला होता. सोमाजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, आज एक भजन पोट्टी म्हणेल. जागेश्वरनं पेटीवर बोटं ठेवली, हर्षानं सूर लावला. पहिली ओळ सरते न सरते तोच मंडपातली पोरं एकमेकांना ढोसायला लागली. ते शब्द देवाचे होते, पण चाल त्या साली घरोघरी मोबाइलवर वाजणाऱ्या एका सिनेमाच्या गाण्याची होती. सोमाजी खाली मान घालून खंजेरी वाजवत होता, आणि चांगली वाजवत होता.

जागेश्वरनं पेटीचा भाता दाबला आणि वरची खिट्टी लावली.

"सोमाजी," तो म्हणाला, "तुले मी मानूस समजत होतो. ही पेटी माझ्या बापाची आहे. चोरीच्या चालीवर देव येत नाई. ज्याच्या घरात स्वतःची चाल नाई, तो दुसऱ्याच्या चोरते. तू चोर आहेस अन् पोट्टीलेही तेच शिकवून राहिला."

आपल्या आजाला भर गावात चोर म्हटलेलं ऐकून हर्षा रडकुंडीला आली. सोमाजीनं मात्र खंजेरी पुसली, पिशवीत घातली, आणि म्हणाला, "बरं गा." एवढंच. ना राग, ना उत्तर. लोकांना वाटलं, गुन्हा कबूल असेल म्हणून गप्प बसला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. मयतीला जागेश्वर जायचा, पण सोबत खंजेरी नसायची. सोमाजी गर्दीत मागे चालायचा, मोकळ्या हातानं. पन्नास वर्षं ज्या खंजेरीनं उजव्या कानाला आधार दिला तिच्याविना गाताना जागेश्वरला चालताना तोल गेल्यासारखं व्हायचं. पण सांगणार कोणाला? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत.

या वर्षी रोवणीच्या तोंडावर सोमाजी पडला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आठवडा ठेवलं, मग डॉक्टरनं घरच्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच सेवा करा. या वाक्याचा अर्थ गावात कोणाला समजवावा लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी हर्षा जागेश्वरच्या दारात आली.

"आबाजी, आजा तुमाले बोलावते."

जागेश्वर ओसरीवर दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. "त्याले सांग, आधी 'चुकलो' मन. मंग येतो."

"ते बोलत नाई जास्त आबाजी. त्यायले दम लागते."

"तेवढा एकच शब्द लागते. त्याले कितीसा दम लागन?"

हर्षा गेली. चंद्रभागाबाई आतून ऐकत होती. ती बाहेर आली, नवऱ्याकडे पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "तो मेल्यावर तुमी त्याले गाऊन पोचवसाल, अन् जिता आहे तोवर तोंड नाई दाखवनार. लई मोठे भजनी तुमी." जागेश्वरला ते लागलं. रात्रभर कूस बदलत राहिला. पण सकाळी उठला तो सोमाजीच्या घराकडे नाही, शेताकडे गेला.

शेतात रोवणी चालू होती. गावात बाया मिळत नाहीत म्हणून पलीकडच्या गावातून गाडी भरून टोळी आणली होती. टोळीची मुख्य रिता, तरणी, तोंडानं फटकळ. त्यांनी बांधावरच्या पळसाच्या फांदीला एक लहानसा स्पीकर लटकवला होता आणि त्यातून असा धडाका चालला होता की बगळे पलीकडच्या धानाच्या बांधीत जाऊन बसले होते. बायांचे हात मात्र त्याच ठोक्यावर भराभर चालत होते. पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची पेंढी सुटायची, चार-चार काड्या चिखलात जायच्या.

"बंद करा ते," जागेश्वर बांधावरून म्हणाला. "पयले बाया रोवताना स्वतः गात होत्या. आता गानं पन भाड्यानं."

"बाबाजी, पयले बाया उपाशी पन राहत होत्या," रिता कंबर सरळ करत म्हणाली. बाया हसल्या. मग तिलाच म्हाताऱ्याची दया आली असावी. "थांबा, तुमच्यासाठी जुनं लावतो. तुमच्या लग्नाच्या टायमाचं." चिखलाचा हात पदराला पुसून तिनं मोबाइलवर काहीतरी दाबलं.

आधी सतार वाजली, मग बासरी. मग एक बाई गायला लागली. हिंदी गाणं होतं. नदीकाठी उभी राहून ती कोणाची तरी वाट पाहत होती, दिवस बुडाला, तू अजून आला नाहीस, असं काहीसं म्हणत होती. जागेश्वर शब्दांकडे लक्षच देत नव्हता. त्याचे पाय बांधावर खिळले होते. दुसऱ्या ओळीला सूर खाली बसला, क्षणभर थांबला आणि हळूच वर उठला, अगदी तिथेच, जिथे 'मालकाच्या दारी' म्हणताना त्याचा स्वतःचा सूर उठायचा.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चोरलं," तो म्हणाला. "माझ्या बापाची चाल आहे हे. सिनेमावाल्यायनं माझ्या बापाची चाल चोरली."

बाया रोवायच्या थांबल्या. रितानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "बाबाजी, हा पिच्चर तं बहात्तर सालचा आहे. इथं लिवलं आहे. माही माय पन जन्मली नसन तवा."

बहात्तर. तो मोठा दुष्काळ जागेश्वरला चांगला आठवत होता. आणि बापानं भजन बांधलं ते दुष्काळ सरल्यावर, पुढच्या शिवरात्रीनंतर. तेव्हाची ओसरी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. सोमाजी दुष्काळात पोट भरायला तुमसरच्या राइस मिलमध्ये हमालीला गेला होता, आणि शिवरात्रीला परत आला. आल्याआल्या श्रावणजीसमोर बसून त्यानं एक चाल गुणगुणून दाखवली. कुठली रे ही, बापानं विचारलं. सोमाजी म्हणाला, इकडच्या प्रतापगडच्या महादेवाच्या जत्रेत एक गोसावी गात होता, त्याच्यापाशी ऐकली. नाव काय गोसाव्याचं? नाव नाई सांगतलं जी, पन डोळे मिटून गात होता. मग बापानंही डोळे मिटले, आणि म्हणाला, परत मन. त्याच आठवड्यात 'रोवणा सरला' तयार झालं. पुढच्या साली बाप गेला तेव्हा तोंडात पाणी घालताना त्याला तेच हवं होतं. जागेश्वर गात होता, सोमाजी खंजेरी वाजवत होता, आणि बाप ओठ हलवत होता.

पळसाच्या फांदीवर ती बाई अजून नदीकाठी उभी होती. जागेश्वरनं डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. प्रतापगडला गोसावी नव्हताच. तुमसरला टाकीज होती.

आणि हे सोमाजीला माहीत होतं. हनुमान जयंतीच्या दिवशी भर मंडपात हा त्याला चोर म्हणत होता, तेव्हाही माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर सारा गाव जागेश्वरला हसला असता. तो "बरं गा" म्हणाला.

जागेश्वर तसाच निघाला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, पायात वहाण नाही. वाटेत दोघातिघांनी विचारलं, काय झालं गा, कुठं चालला. तो थांबला नाही.

सोमाजीची बायको शकुबाई दारात तांदूळ पाखडत होती. त्याला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. "या भाऊजी," एवढंच म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. आत खाटेवर सोमाजी भिंतीला टेकवून बसवलेला होता. अर्धा उरला होता माणूस. हर्षा त्याला चमच्यानं पेज पाजत होती.

सोमाजीनं आधी जागेश्वरच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"रोवणा सरला वाटते," तो म्हणाला. "पाय नाई धुतले तू."

जागेश्वर खाटेच्या कडेला बसला. बोलायचं बरंच ठरवून आला होता, पण निघालं ते एवढंच. "सोमाजी, तो गोसावी कोन होता?"

सोमाजी हसायला गेला आणि त्याला ढास लागली. हर्षानं पाठीवर हात फिरवला. ढास थांबल्यावर म्हणाला, "कोनी सांगतलं?"

"रोवनाऱ्या बायांच्या डब्यानं."

"तरी लई दिवस टिकला बापा माहा गोसावी." त्यानं दम घेतला. "मिलच्या समोर टाकीज होती. तिकिटाले पैसे नसत. काम सुटलं का मागच्या भिंतीले टेकून ऐकत जाओ. तो पिच्चर मी पाहिला नाई गा. अजून नाई पाहिला. ती बाई कशी दिसते, कोनाची वाट पाहते, मले काईच मालूम नाई."

"माझ्या बापाले खोटं काहून सांगतलं?"

"त्याले चाल आवडली असती, पन तिचं गाव आवडलं नसतं. मनून गाव बदललं."

खाटेशी उभी हर्षा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. तिलाही हे आजच कळत होतं. जागेश्वरनं मान खाली घातली. "अन् मले? मी तुले चोर मनलं. भर गावात. एक शब्द बोलला असता तं माझं तोंड कायमचं बंद झालं असतं."

"तेच तं," सोमाजी म्हणाला. "तू हट्टी. पुन्हा कधी ते भजन मनलं नसतं. मंग गावची मानसं कोन पोचवते? तुझ्या बापानं मरताना तेच ऐकलं. त्यावर आता मी माती टाकू का?" आणि जरा थांबून, "अन् मले कोन पोचवते, सांग."

जागेश्वर रडला. म्हातारपणी माणूस रडतो तसा, आवाज न करता, नाकातून पाणी गळेपर्यंत. तीन वर्षं आपण कशाचा एवढा माज केला याची त्याला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त, या माणसाविना काढलेल्या तीन वर्षांचं दुःख होत होतं. सोमाजीनं त्याच्या चिखलाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"एक मागतो," तो म्हणाला. "मले नेशील तवा शब्द तुझ्या बापाचेच घे. पन चाल हर्षाची घे. तीच, जिच्यावर तू पेटी बंद केली."

"नाई जमनार."

"अजून राग आहे?"

"राग नाई गा," जागेश्वर म्हणाला, आणि हे सांगताना त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मले येतच नाई ते. त्या दिवशी पन बोटं धावली नाई माझी. ठोका कुठी पडते समजलंच नाई. मनून पेटी बंद केली."

हर्षा हळूच म्हणाली, "मी सांगतो ना आबाजी. तेवढं कठीण नाई ते."

दुसऱ्या दिवशी पेटी सोमाजीच्या घरी आली. रोवणीचे दिवस, माणसाला श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी जागेश्वर दुपारी यायचाच. हर्षा एक ओळ म्हणायची, तो ती चुकवायचा. तिच्या चालीत सूर सरळ येऊन बसत नसे, दाराशी घुटमळून मग आत येई, आणि जागेश्वर प्रत्येक वेळी आधीच आत जाऊन बसलेला असे. चिडायचा, खिट्टी लावायचा, परत उघडायचा. सोमाजीला आता बोलवत नव्हतं. पण खाटेच्या काठावर त्याचं बोट पडायचं, बरोबर जिथे ठोका हवा तिथे, आणि मग जागेश्वरला वाट सापडायची. घरी गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकताना तो काहीतरी भलतंच पुटपुटतो आहे हे चंद्रभागाबाईनं ऐकलं. तिनं टोमणा मारला नाही. ती सांजवात लावायला गेली.

ती चाल त्याला आवडली का, असं कोणी विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं की नाही, अजून पुरती नाही. पण ती वाईट आहे असं आता त्याला म्हणवत नव्हतं.

गावातली शेवटची बांधी रोवून झाली त्याच आठवड्यात, सकाळी, सोमाजी गेला.

सांगावा यायच्या आधीच जागेश्वर दारात हजर होता. आंघोळ करून, पेटी गळ्यात अडकवून. हर्षाला त्यानं आपल्या उजव्या अंगाला उभं केलं आणि आजाची खंजेरी तिच्या हातात दिली. कोणी कोणी भुवया वर केल्या. तिरडी उचलली. लोक नेहमीच्या सुराची वाट पाहत होते.

जागेश्वरनं डोळे मिटले आणि सुरू केलं.

रोवणा सरला बापा, पाय धुऊन घे

टाळकरी अडखळले. मागून कोणीतरी कुजबुजलं, म्हातारा चाल विसरला. शब्द तेच होते, पण सूर दाराशी घुटमळत होता, आत यायला तयार नव्हता. पहिल्या कडव्यात जागेश्वर दोनदा चुकला. त्याचा गळा फाटत होता, आणि दोन्ही वेळा खंजेरीनं त्याला परत ओढून आणलं. दुसऱ्या कडव्याला टाळकऱ्यांना ठोका सापडला. तळ्याच्या पाळीजवळ येईपर्यंत बायाही ओळ धरायला लागल्या होत्या, रडता रडता.

पाळीवर विसाव्याची जागा आहे. तिथे तिरडी क्षणभर खाली ठेवतात, आणि बाया तिथून माघारी फिरतात. गाणं थांबलं. शकुबाई नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून बसली होती. जागेश्वर धापा टाकत उभा होता.

गर्दीतून काठी टेकत सुखराम पुढे आला. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, श्रावणजीच्या मंडळात टाळ धरायचा. आता त्याच्यासमोर कोणी बोलायची हिंमत करत नसे.

"जागेश्वर, नेहमीची नाई वाटत," तो म्हणाला. "ही कोनाची चाल आहे गा?"

हर्षानं खंजेरी छातीशी धरली. पोरांना तर माहीतच होतं, त्यांच्या मोबाइलमध्ये ती पडली होती. सगळे जागेश्वरच्या तोंडाकडे पाहत होते. त्यानं तिरडीकडे पाहिलं. सोमाजीचा चेहरा उघडा होता, कपाळाला बुक्का लावलेला.

"जुनी आहे जी," जागेश्वर म्हणाला. "सोमाजीनं आनली होती. प्रतापगडच्या जत्रेत एक गोसावी गात होता, त्याच्यापासून."

सुखरामनं समाधानानं मान हलवली. "मनूनच. आताच्या गान्यात असा जीव कुठी राहते."

"हो जी," जागेश्वर म्हणाला. मग हर्षाला तिथून माघारी फिरायचं होतं म्हणून त्यानं तिच्या हातातली खंजेरी घेतली, सोमाजीच्या छातीवर ठेवली, आणि चौघांना म्हणाला, "उचला आता."